आठ हँडसेट, एक पिशवी

ज्ञानेश्वरी गर्जेला कारखान्यात कुणी नावानं हाक मारत नसे. ‘स्वेटरवाली मॅडम’ हेच तिचं नाव पडलं होतं. बाहेर बोईसरचा मे महिना माणसाला उकडून काढत असायचा आणि ही सव्वीस वर्षांची मुलगी हातावर निळा स्वेटर टाकून गेटातून आत शिरायची. गेटवरचा पहारेकरी रोज विचारायचा, "काय मॅडम, आज शिमला का मनाली?"

"दोन्ही फिरून येते, काका. तुमच्यासाठी बर्फ आणू?"

तिची खोलीच तशी होती. बिनखिडकीची, बाराही महिने गार, आणि तिच्या मधोमध लोखंडी कपाटात घुमणारे दोन सर्व्हर. रंगांची रसायनं बनवणारा हा कारखाना. ठिणगीच्या भीतीनं आत साधा मोबाईल न्यायला बंदी. म्हणून दोन वर्षांपूर्वी मालकांनी कुंपणाच्या आतलं स्वतःचं बिनतारी जाळं उभारलं. स्वतःचे पाच टॉवर, स्वतःची सिम कार्डं आणि ठिणगी न उडवणारे, विटेएवढे जड हँडसेट. टॉवर येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत. पण जाळ्याचा जीव होता त्या गार खोलीतल्या सॉफ्टवेअरमध्ये. त्याला कोअर म्हणत.

नाटक कंपनीत विंगेत एक माणूस वही घेऊन उभा असतो. प्रेक्षकांना तो कधी दिसत नाही, त्याला कधी टाळी पडत नाही. पण आत कोण आलं, बाहेर कोण गेलं, आता कुणी बोलायचं, हे त्या एकट्यालाच ठाऊक असतं. कोअर तसंच. हँडसेट चालू झाला की आधी त्याच्या दाराशी येऊन विचारतो, येऊ का? कोअर यादी बघतं, ओळख पटवतं आणि आत घेतं. त्या यादीत नाव घालायचं आणि यादीतून नाव काढायचं काम ज्ञानेश्वरीचं. ठेकेदाराकडून येणाऱ्या कागदावर ‘लेबर चार, लेबर पाच’ असलं काहीतरी असायचं. ती कागद घेऊन उन्हात जायची, प्रत्येकाला विचारायची आणि पूर्ण नाव घालायची. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं.

तिचे वडील झुंबर तीस वर्षांपूर्वी आष्टीकडून वीजप्रकल्पाच्या बांधकामावर आले आणि पुढं एका कापड गिरणीत मागावर राहिले. मागांच्या खडखडाटानं कान गेले. त्यामुळं सालवडच्या त्यांच्या दोन खोल्यांत प्रत्येक गोष्ट शेजारपाजारला ऐकू जाईल अशीच बोलली जायची. "आमची ज्ञानू सगळे टावर एकटी चालवती," हे झुंबर स्वतःशी पुटपुटत, आणि ते अख्ख्या गल्लीला पाठ झालं होतं.

आता त्या पिशवीचं सांगायला हवं.

ड्रम धुणारी आठ माणसांची एक टोळी होती. सगळी डोंगराकडच्या एका पाड्यावरची. मुकादम बुधा, त्याचा चुलतभाऊ अंकुश हाडळ, आणखी पाच जण आणि सगळ्यांत वडील नवसी काकी. या लोकांची रीत अशी, की कामाला बाहेर पडलं की सगळ्यांच्या चीजवस्तू एकाच बोचक्यात आणि बोचकं घरच्या मोठ्या बाईजवळ. पूर्वी रेतीच्या कामावर जात तेव्हाही असंच. कारखान्यात लागल्यावर गेटवर मोबाईल जमा करायची वेळ आली, तेव्हा पहारेकऱ्यालाही ते बरं पडलं. आठ बिल्ले देण्यापेक्षा एका पिशवीला एक बिल्ला. मग नवीन हँडसेट आले. ते मात्र आत न्यायचे होते, गळ्यात घालायचे होते. टोळीनं पहिल्या दिवशी ते गळ्यात घातले, ड्रमावर वाकल्यावर ते लोखंडावर ठणाठण आपटले, आणि दुसऱ्या दिवशी आठही हँडसेट नवसी काकीच्या पिशवीत गेले. नवसीला गुडघ्यांमुळं बसून करायचं काम दिलं होतं, ड्रमांवरची जुनी लेबलं खरवडायचं. ती शेडमध्ये बसायची. पिशवी तिच्या डोक्यावर खिळ्याला.

ज्ञानेश्वरीच्या पडद्यावर माणसं हिरव्या ठिपक्यांसारखी दिसत. महिनाभरात तिच्या लक्षात आलं, की कारखानाभर ठिपके विखुरलेले असतात आणि शेडमध्ये मात्र आठ ठिपके एकमेकांच्या अंगावर चढून बसलेले असतात. ती बघायला गेली. नवसी उठून खिळ्यावरची पिशवी हलवत होती, तान्ह्या मुलाची झोळी हलवावी तशी.

"काकी, हे काय करताय?"

"आगं बाय, न हलवली तर रडतंय ते. मंग तो कंट्रोल रूमवाला येतो माज्यावर वरडत."

हँडसेट दहा मिनिटं हलला नाही तर माणूस पडला असं समजून नियंत्रण कक्षात गजर व्हायचा. तो थांबवायला ही साठीची बाई दर दहा मिनिटांनी दुखऱ्या गुडघ्यांवर उठत होती. ज्ञानेश्वरी पोट धरून हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "हे गळ्यात घालायचं असतं. ज्याचं त्यानं."

"घालतील, घालतील. तू आदी भाकर खा."

तिनं भाकरी खाल्ली, सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली, आणखी दोनदा बजावलं आणि परत आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आठ ठिपके एका जागी. तिसऱ्या दिवशी नवसी लंगडत चालताना दिसली. तेव्हा ज्ञानेश्वरीनं खोलीत जाऊन त्या आठ नंबरांपुरता गजर बंद करून टाकला. चार बटणांचं काम. म्हाताऱ्या गुडघ्यांची दया आली, एवढंच. वर कळवायला हवं होतं. उद्या कळवू म्हणाली. पुढं ते राहूनच गेलं.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दोन मिनिटांनी कुंभवली गावाच्या बाजूच्या एका टाकीचा जोड सुटला आणि रसायनाची वाफ जमिनीसरशी पसरायला लागली. भोंगा झाला. माणसं शिकवल्याप्रमाणं असेंब्ली पॉइंटच्या मोकळ्या मैदानात धावली. नवसीनं खिळ्यावरची पिशवी काढली, खांद्याला मारली आणि गुडघ्यांची पर्वा न करता पळाली. लेकरं उचलावी तशी तिनं ती पिशवी उचलली होती.

सेफ्टी ऑफिसर अनुज साळवींच्या हातातल्या टॅबवर आकडा भराभर चढला. दोनशे बारापैकी दोनशे बारा. सगळे हिरवे. साळवींनी दीर्घ श्वास सोडला. त्या क्षणी त्या माणसाइतका सुखी माणूस अख्ख्या बोईसरात दुसरा नसेल.

"साहेब, अंकुश नाय आला," बुधा म्हणाला.

"आलाय की. हे बघ. अंकुश हाडळ, अकरा सात."

"दिसत नाय पन."

"अरे, एवढ्या गर्दीत असेल. नीट बघ."

त्यांनी बघितलं. एकमेकांना हाका मारल्या. नवसी मध्येच ओरडायला लागली, पण काय ओरडते ते कुणाला नीट कळेना, कारण तिला स्वतःलाच ते पुरतं कळत नव्हतं. ती नुसती पिशवी उंच धरून दाखवत होती. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या ज्ञानेश्वरीला आधी पिशवी दिसली आणि मग त्या पिशवीचा अर्थ दिसला. ती धावत आली. "साहेब, तो आत आहे! हे सगळे हँडसेट हिच्याकडे आहेत, तो आत आहे!"

तोंडाला श्वासाची नळी लावून दोघे आत गेले. अंकुश मागच्या नाल्याच्या खड्ड्यात सापडला, ड्रम धुतलेलं पाणी उपसत होता तिथं. ही वाफ हवेपेक्षा जड असते, खड्ड्यात साठते. अकरा सव्वीसला त्याला बाहेर काढलं. असेंब्ली पॉइंटवर तो ‘पोहोचला’ त्याला तेव्हा एकोणीस मिनिटं झाली होती.

अंकुश वाचला. म्हणजे श्वास राहिला. दीड महिना दवाखान्यात काढून तो पाड्यावर परत आला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं आणि बायकोला तो ओळखतो की नाही हे बायकोलाच सांगता येत नव्हतं.

मग चौकशीचा अहवाल तयार झाला. त्याचा मसुदा नोंदी तपासायला म्हणून ज्ञानेश्वरीकडे आला. त्यात एक वाक्य होतं. ‘सदर कामगार ११.०७ वाजता सुरक्षित ठिकाणी पोहोचल्याचे नोंदीवरून दिसते; त्यानंतर तो स्वतःहून परत आत गेला असावा.’

तिनं ते तीनदा वाचलं. नोंद तिच्याच कोअरची होती. एका अक्षराची चूक नव्हती तिच्यात. अकरा सातला तो नंबर खरोखरच मैदानात पोहोचला होता.

तिनं पुण्याला फोन लावला. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत सुजीत म्हणून एक शांत स्वभावाचा इंजिनिअर होता, तिच्या सगळ्या अडचणी तोच सोडवायचा.

"सुजीत सर, तो माणूस तिथं नव्हता हे कोअरमधून दाखवता येईल का?"

"माणूस कोअरला माहीतच नसतो, ज्ञानेश्वरी. त्याला सिम माहीत. सिम खरं आहे का, आत घ्यायचं का, कुठल्या टॉवरखाली आहे, बस. कुणाच्या गळ्यात आहे ते त्याला कुणी सांगायचं?"

"पण आठही नंबर महिनोन्‌महिने एकाच जागी होते. ते तरी दिसेल ना?"

"ते दिसेल. पण त्यातून एवढंच निघतं, की आठ जण कायम बरोबर असायचे." पलीकडे त्याची बटणं वाजली. "त्या आठांचा गजर कुणी बंद केला होता? तुझ्या आयडीनं झालाय."

उत्तराची वाट न बघता त्यानं विषय बदलला. चांगला माणूस होता.

साळवींकडे ती गेली तेव्हा ते डबा उघडून बसले होते आणि खात नव्हते. ते वाईट माणूस नव्हते, हे सांगितलंच पाहिजे. अंकुशला दवाखान्यात बघायला स्वतःच्या गाडीनं गेले होते.

"साहेब, तो परत गेला नव्हता. तुम्हालाही माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"मग दुसरं वाक्य काय लिहू, तू सांग. टोळी सांगते तो आतच होता. चौकशी समिती म्हणते, ती त्याचीच माणसं, त्याच्याच बाजूनं बोलणार. यंत्राला मामा-काका नसतात. बरं, तू म्हणतेस तसं पिशवीचं लिहिलं, तर हँडसेट अंगावर न ठेवणं हा नियमभंग. संध्याकाळपर्यंत ठेकेदार सातही जणांना घरी बसवतो. अंकुशवर ठपका येतो तो वेगळाच. आणि तुझं ते गजराचं..." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मी या वाक्यापायी चार रात्री झोपलेलो नाही गं."

रविवारी दुपारी ती पाड्यावर गेली. अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर अंकुश बसला होता, समोर कोंबड्या दाणे टिपत होत्या आणि तो त्यांच्याकडे बघत होता, की त्यांच्या पलीकडे, ते कळत नव्हतं. त्याच्या बायकोनं, सपनानं, पाणी दिलं. बुधा आला, नवसी आली, बाकीचे कुडाला टेकून उभे राहिले. तिनं अहवालातलं वाक्य सांगितलं, साळवींनी सांगितलेलंही सांगितलं. गजराचंही सांगितलं. कुणीच तिला बोल लावला नाही. त्यानंच तिला जास्त लागलं.

बुधानं विडी काढली, पेटवली नाही. "म्हंजे पिशवीचं लिवलं तर आमी गेलो."

"हो."

"आन नाय लिवलं तर?"

"तर अंकुशदादा आपणहून आत गेले असं राहील."

"लय भारी हाय तुमचं यंत्र," बुधा हसला. "कुनीकडनं बी धरा, मान आमचीच गावते तेला."

"पिशवी माजी हाय," नवसी म्हणाली. "मला काडा. येंना कशाला?"

"गप, काकी. तुला एकटीला काडून भागतंय का तेंचं?"

"मंग काय मी गप बसू? मी पळाले ना तेचा जीव घेऊन! तेचं यंत्र खांद्याव घेऊन पळाले, आन तेला तितंच ठेवलं!"

बुधानं विडी परत खिशात घातली. मग सपना बोलली, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मला येवडंच सांगायचंय. तो परत गेला असं लिवू देऊ नका. बाजारात बाया मला इचारतात, काय इसरला होता गं आत? तंबाकूची पुडी? उद्या माजी पोरं मोटी होतील, तेंनाबी हेच इचारतील."

बुधा उठला. "तुजं खरं हाय, वहिनी. पन सात घरं हायत." आणि ज्ञानेश्वरीकडे वळून म्हणाला, "तुमी शिकलेल्या, मॅडम. तुमीच काय ते बगा." तो रागानं बोलला नाही. तिला वाटलं, रागानं बोलला असता तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी सालवडच्या घरात जे बोलणं झालं ते, नेहमीप्रमाणं, अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

"मंग तुझं काय व्हईल?" झुंबर गरजले. "त्यो गजर तू बंद केला म्हनती, ते बी लिहिनार का?"

"आहो, हळू बोला की," आई सुगंधा म्हणाली.

"हळूच बोलतोय! लेकी, नोकरी गेली तर?"

"लिहावं लागेल, दादा. अर्धंच खरं लिहून कसं चालेल?"

"आन ती सात मानसं? ती जानार त्याचं?"

शेजारच्या घरातला टीव्ही कुणीतरी बंद केला. ज्ञानेश्वरीनं वही पुढ्यात ओढली. बराच वेळ झुंबर तिच्या डोक्यावर हात ठेवून बसले, आणि त्या बहिऱ्या घरात पहिल्यांदाच एवढी शांतता झाली.

तिनं लिहिलं. दीड पान. पिशवी कधीपासून, आपल्याला कधी कळलं, गजर कुणी बंद केला, का केला. साळवींनी ते दोनदा वाचलं. "शेवटचा, गजराचा परिच्छेद काढ," ते म्हणाले. "त्याची गरज नाही." तिनं नकारार्थी मान हलवली. त्यांनी कागद फायलीत ठेवला.

तीन आठवड्यांनी सगळं आपापल्या जागी जाऊन बसलं. ठेकेदारानं सात जणांना गेटवरूनच परत पाठवलं. नवसी, बुधा आणि आणखी दोघं एडवणला किनाऱ्याच्या बाजूला वाड्यांत मजुरी शोधायला गेली. एकदा बोईसर स्टेशनबाहेर बुधा ज्ञानेश्वरीला समोरून भेटला. त्यानं ओळख दिली नाही, आणि ती देण्याजोगी राहिलीही नव्हती. तिची नोकरी टिकली, कारण ते काम येणारं दुसरं कुणी नव्हतं. पण गजरांना आणि सेटिंगना हात लावायचा अधिकार काढून घेतला. आता नाव घालणं आणि नाव काढणं, एवढंच.

पुण्याहून सुजीतचा उत्साहानं फोन आला. तिच्या दीड पानावरून त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा केली होती. दोनपेक्षा जास्त हँडसेट फार वेळ चिकटून राहिले की आपोआप सूचना जाणार. "खूप उपयोगी निरीक्षण होतं तुझं," तो म्हणाला. "सगळ्या कारखान्यांना देतोय." तिनं आभार मानले. त्याच सकाळी तिनं सात नावं काढली होती. आठवं, अंकुश हाडळ, काढायचं राहिलं होतं. नव्या टोळीसाठी तो नंबर हवा होता. फोन ठेवून तिनं तेही काढलं. कोअरनं नेहमीप्रमाणं विचारलं, नक्की काढायचं का? तिनं हो म्हटलं.

अंतिम अहवाल आला तेव्हा ती पुन्हा पाड्यावर गेली. बहुतेक घरांना कड्या लागल्या होत्या. सपना अंकुशला भरवत होती.

"काय लिवलंय आता?"

ज्ञानेश्वरीनं पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "सदर कामगाराने हँडसेट अंगावर बाळगला नव्हता, त्यामुळे त्याचे ठिकाण वेळेत समजू शकले नाही."

"परत म्हना."

तिनं परत म्हटलं.

"म्हंजे चूक तेचीच."

"हो."

"पन परत गेला असं नाय."

"नाही. ते काढलं."

सपनानं अंकुशचं तोंड पुसलं. "मला लिवून द्या ते. कोनी इचारलं तर दावायला."

अहवाल बाहेर द्यायला बंदी होती. ज्ञानेश्वरीनं वहीचं पान फाडलं, वाक्य स्वच्छ अक्षरात लिहिलं, खाली तारीख घातली. सपनानं कागद उलटसुलट करून बघितला.

"शिक्का नाय याला?"

"नाही."

"मंग हे कोन मानंल?"

तरीही सपनानं कागदाची घडी घातली आणि तो ठेवायला ती आत गेली. टमटम यायला अजून अर्धा तास होता. ज्ञानेश्वरी अंकुशच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. वाटीतला भात अर्धा उरला होता. तिनं एक घास त्याच्या ओठांशी नेला. त्यानं तोंड उघडलं नाही, आणि ती घास तसाच हातात धरून बसून राहिली.